उजव्या पायाचा गिअर

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात, १९७९च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'जुन्या गाड्या, जुन्या आठवणी'. आठवणी सांगायला आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा तयारीची माणसं बसली आहेत. मी गॅरेजवाला. चाळीस वर्षं याच गावात माझे हात ग्रीसमध्ये गेले. त्यामुळे मी विषय जरा अरुंद करून घेतो आणि गिअरबद्दल बोलतो. हसू नका. उद्या सकाळी आपल्या एकोणीस मोटारसायकली कासला निघणार आहेत, यवतेश्वरचा घाट चढून. अंतर जेमतेम २५ किलोमीटर. कार्यक्रमपत्रिकेत त्या खाली एक ओळ छापली आहे, 'वाटेत गाड्यांची अदलाबदल करून जुन्या गाड्या चालवण्याचा आनंद'. त्या ओळीला माझी हरकत आहे. का, ते सांगतो.

आपल्या पी.टी.च्या सरांची बुलेट आठवते? आठवतच असणार. सर फाटकापाशी यायच्या आधी आवाज यायचा आणि मैदानावरची सगळी गडबड आपोआप ओळीत उभी राहायची. सर आज इथे आहेत म्हणून सांगतो, आम्हाला तेव्हा तुमच्या शिट्टीपेक्षा त्या फायरिंगची भीती जास्त होती. पण मी वर्गात पहिल्या बाकावर बसायचो आणि माझं लक्ष सरांच्या बुटांकडे असायचं. उजव्या बुटाच्या वरच्या चामड्यावर, अंगठ्याच्या जागी, एक घासलेला पांढरट पट्टा. डावा बूट कोरा. घरी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, 'अरे, बुलेटचा पहिला गिअर पायानं वर उचलावा लागतो ना, त्याची खूण ती.' आज कुठल्याही कॉलेजच्या पोराचा बूट बघा, खूण असेल ती डाव्या पायावर. जुन्या चांभारांना बूट बघूनच कळायचं की गिऱ्हाईक काय चालवतंय.

तर मुद्दा हा की सरांची बुलेट आणि आजची मोटारसायकल यांच्यात पाय उलटे झाले आहेत.

ज्यांनी कधी जुनी बुलेट चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिचा गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर पंजानं वर उचलायचा, मग न्यूट्रल ओलांडून दुसरा, तिसरा, चौथा असे खाली दाबत जायचं. किकही उजवीकडेच. गिअरच्या लिव्हरमागे टाचेजवळ आणखी एक छोटी लिव्हर असते, क्लच दाबून ती टाचेनं दाबली की दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून गाडी थेट न्यूट्रलला येते. अशी सोय मी दुसऱ्या कुठल्या गाडीत बघितली नाही, आणि त्या गिअरबॉक्सला ती लागतेच, कारण दोन गिअरांच्या मधे खोटे न्यूट्रल सापडायची त्याला जुनी खोड आहे. सुरू करायचं म्हणजे एक पूजाच. अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन हलकेच पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सावकाश, पूर्ण किक. घाई केली की किक उलटी बसते. गावातल्या निम्म्या दुखऱ्या पोटऱ्यांचं मूळ तिथे आहे.

हा उजवा गिअर काही मद्रासच्या कारखान्यानं शोधून काढलेला नव्हता. १९५०च्या दशकात तिरुवोत्तियूरला बुलेट बनायला लागली ती इंग्लंडच्या नमुन्यावर, आणि इंग्लंडमध्ये मोटारसायकलचा गिअर उजव्या पायालाच असायचा. त्याच्याही आधी तो हातानं, टाकीच्या बाजूच्या दांडीनं टाकायचा. पायानं टाकायचा ठाम गिअर, म्हणजे दर वेळी एकच पायरी सरकणारा आणि पाय उचलला की लिव्हर जागेवर परत येणारा, तो वेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस या माणसानं १९२०च्या दशकाच्या अखेरीला रेसच्या गाड्यांसाठी आणला. आज जगातली जवळजवळ प्रत्येक मोटारसायकल त्या युक्तीवर चालते. पण इंग्रजांचं आपसातही एकमत नव्हतं. ट्रायम्फ आणि बीएसए उजवीकडेच, पण पहिला खाली आणि बाकीचे वर. नॉर्टन उजवीकडे, पहिला वर आणि बाकीचे खाली, आपल्या बुलेटसारखा. म्हणजे गिअरची बाजू एक असूनही दिशा उलटी. अमेरिकेत हार्लेवाले १९५२पर्यंत मोठ्या गाड्यांना हाताचा गिअर आणि पायाचा क्लच देत होते. सगळा भोंगळ कारभार.

तो मोडला जपान्यांनी आणि अमेरिकन कायद्यानं. होंडा आणि यामाहाच्या गाड्या डाव्या गिअरच्या. अमेरिकेत त्याच भराभर खपायला लागल्या. मग तिथल्या सरकारनं नियम केला की १ सप्टेंबर १९७४पासून बनलेल्या गाडीचा गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायालाच हवा. अमेरिकेचं गिऱ्हाईक सोडून इंग्रज कारखान्यांना भागत नव्हतं. नॉर्टननं १९७५च्या कमांडोत गिअरच्या शाफ्टला इंजिनाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेलं, ट्रायम्फनंही तेच केलं. आपल्याकडे मात्र बुलेट या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत उजव्या गिअरची बनत राहिली. म्हणजे बाकी जग बदललं तेव्हा आपण सहावीत होतो आणि बुलेट पुरती बदलली तेव्हा आपली पोरं कॉलेजात होती.

मधल्या काळात आपल्या तुकडीनं काय काय चालवलं ते बघा. येझदी. म्हैसूरची. तिचा गिअर डावीकडे, पण किक आणि गिअरची लिव्हर एकच. ती आत दाबून मागे उभी फिरवायची की झाली किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणायची की झाला गिअर. ज्याला ठाऊक नाही तो माणूस गाडीला किक शोधत तीन प्रदक्षिणा घालायचा. शिवाय तिच्यात अशी योजना की गिअरची लिव्हर हलली की क्लच आपोआप थोडा सुटतो, त्यामुळे येझदीवाल्यांना क्लच न दाबता गिअर टाकायची सवय लागलेली असे. हीच मंडळी नंतर दुसऱ्या गाडीवर बसली की तिच्या गिअरबॉक्सची दया यायची. चेतक घ्या. आकुर्डीची. तिचा गिअर हातात, डावी मूठ आपल्याकडे फिरवली की पहिला, पुढे ढकलत गेलं की दुसरा-तिसरा-चौथा. आपल्यातल्या अर्ध्यांचे संसार त्या मुठीवर झाले, बायको मागे, एक पोर पुढे उभं, एक मधे. मग यामाहा आरएक्स १०० आली, १९८५ साली. डावा गिअर, एक खाली, तीन वर. आणि त्याच वर्षी हीरो होंडा सीडी १००. डावाच गिअर, पण सगळे एकाच दिशेला, खाली दाबत जायचं. पुढे स्प्लेंडरही तशीच. आजही एका घरात स्प्लेंडर आणि पल्सर असली तर बाप आणि मुलगा एकमेकांची गाडी घेतल्यावर पहिले दोन चौक शिव्या देतात.

एवढ्या गाड्या चालवून आपण सगळे धडधाकट इथे बसलो आहोत, मग गॅरेजवाल्याला एवढी चिंता कसली, असं तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलं असेल. चेहऱ्यावर दिसतंय.

फरक असा आहे. येझदी, चेतक, स्प्लेंडर, पल्सर या सगळ्यांत गिअर चुकला तर गाडी कुरकुरते, धक्का बसतो, बंद पडते, लोक हसतात. ब्रेक मात्र या सगळ्यांचा उजव्याच पायाखाली आहे. जुन्या बुलेटमध्ये ब्रेक सरकलेला आहे. चुकलेला गिअर आणि चुकलेला ब्रेक या एका मापाच्या गोष्टी नाहीत.

आता नीट ऐका. रोज पल्सर चालवणारा माणूस जुन्या बुलेटवर आहे, घाट उतरतोय, तिसऱ्या गिअरमध्ये, समोर म्हैस आली. शांतपणे विचार करायला वेळ असता तर त्याला पक्कं माहीत आहे की ब्रेक डावीकडे आहे. वेळ नाही. त्याचा उजवा पाय खाली आदळतो. तिथे ब्रेक नाही, गिअर आहे, आणि बुलेटचा गिअर खाली दाबला की वरचा पडतो. म्हणजे तिसऱ्याचा चौथा. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो त्यामुळे क्लच न दाबताही तो बऱ्याचदा बसतोच. इंजिन जे गाडीला धरून होतं ते आणखी मोकळं होतं. ब्रेक म्हणून लाथ घातली आणि गाडी सुटली. मग तो घाबरून क्लच दाबतो, आणि उरलंसुरलं इंजिनही हातचं जातं.

उलट बाजूनं बघा. आयुष्यभर जुनी बुलेट चालवलेले आपले काही मित्र आता मुलांच्या नव्या गाड्या घेतात. शहरात रहदारीत वरचा गिअर टाकायचा म्हणून उजवा पंजा खाली दाबला. तिथे मागचा ब्रेक. कारण नसताना गाडी मधोमध खाडकन थांबते आणि मागचा टेम्पोवाला आत येतो. आणि घाईत ब्रेक म्हणून डावा पाय आदळला तर आजच्या बहुतेक गाड्यांत एक गिअर खाली पडतो, मागचं चाक फरफटतं. स्प्लेंडरसारखीवर तोच डावा पाय गाडीला वरचा गिअर देतो.

ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. गणिताच्या बाई समोर आहेत, त्यांनी मनातल्या मनात पडताळून पाहिलंच असेल. ६०ला जवळपास १७ मीटर. 'अरे, हा पाय नाही, तो पाय' एवढं लक्षात यायला एक सेकंद गेला, तरी या सभागृहाची रुंदी संपली.

हा केवळ मोटारसायकलचा रोग नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे चांगले वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकंच मिटून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाला ते बघायला पाठवलं. त्याला दिसलं की दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला सारखी आहेत. त्यानं चाकांच्या बटणाला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा. हाताला स्पर्शानं कळायला लागलं आणि ती भानगड थांबली. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण त्यानं वैमानिकांना 'लक्ष द्या' असं भाषण दिलं नाही. लक्ष देऊन काही होत नाही, भीती वाटली की लक्ष पहिलं पळतं आणि जुनी सवय जागेवर असते.

मी त्याच्याबद्दल वाचलं त्याच्या आधीपासून माझ्या गॅरेजात एक रिवाज आहे. उजव्या गिअरची गाडी दुरुस्त होऊन बाहेर जाताना तिच्या क्लचच्या लिव्हरला लाल चिंधी बांधलेली असते. क्लच दाबल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि क्लच दाबताना बोटांना चिंधी लागते. लोकांना वाटतं नजर लागू नये म्हणून बांधलीय. मी वाटू देतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा, तिशीच्या आतला, हौसेनं सत्तरच्या दशकातली बुलेट घेऊन माझ्याकडे आला. रंग, क्रोम, सगळं झालं. चालवायला हुशार, नव्या पाचशे सीसीच्या गाडीवर लडाख करून आलेला. महिना-दोन महिने त्यानं बुलेट व्यवस्थित चालवली. पाय बसलाय असं त्याला वाटलं, मलाही वाटलं असतं. एका रविवारी यवतेश्वरच्या घाटातून उतरताना समोरची जीप वळणावर मधे आली. त्याचा उजवा पाय खाली गेला. गाडी कडेच्या गटारात, गळपट्टीचं हाड मोडलं, गुडघा आजही पूर्ण वाकत नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती चौथ्या गिअरमध्ये अडकलेली होती. तेवढ्यावरून मला काय झालं ते कळलं, त्याला विचारावं लागलं नाही. नव्या गाडीवर पंधरा हजार किलोमीटर घोटलेला पाय, आणि बुलेटवर रविवारचे पाच-सातशे. संकटात कोण जिंकणार?

माझ्या चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकीतून मला एवढं दिसलंय. नवशिक्या पडतो तो हळू पडतो, कारण तो घाबरून चालवतो. फक्त जुनी गाडी चालवणारा सहसा पडत नाही. धोका रोज एक गाडी आणि महिन्यातून एकदा दुसरी चालवणाऱ्याला, आणि त्यातही पहिल्या दिवशी नाही, तर सवय झाली असं वाटायला लागतं तेव्हा. उद्याच्या यादीतल्या एकोणीस जणांपैकी चौदा जण याच प्रकारचे आहेत. आणि आपण सगळे ६१-६२चे. आपल्या वयाला हाड जुळायला लागणारा काळ मी सांगायला नको, तुकडीत तीन डॉक्टर आहेत.

मग जुनी गाडी चालवूच नये का? तसं म्हणालो तर मीच उपाशी मरेन. चालवा. पण काही गोष्टी धरून.

पहिली म्हणजे हात. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत पायांची अदलाबदल झाली आहे, हातांची नाही. क्लच डाव्या हाताला, पुढचा ब्रेक उजव्या हाताला, बुलेटला, येझदीला, चेतकला, पल्सरला, सगळीकडे. म्हणून ज्याला दोन तऱ्हेच्या गाड्या चालवायच्या आहेत त्यानं आपला पहिला ब्रेक हाताचा करून ठेवायला हवा. आपल्या पिढीला कुणीतरी शिकवून ठेवलंय की पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटा पडतो, म्हणून आपण सगळे पायावर विसंबलेले. वाळूवर, ओल्या शेणावर किंवा वळणात वाकलेले असताना तो खसकन दाबला तर पडतो, खरं आहे. पण कोरड्या रस्त्यावर सरळ चालताना गाडी थांबते ती मुख्यतः पुढच्याच चाकावर, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं. रोजच्या गाडीवर, रोजच्या रस्त्यावर हा हात घोटा, कारण गाडी बदलली तरी ही सवय बरोबर येते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक ड्रमचा आहे, त्याच्याकडून डिस्कची अपेक्षा करू नका. म्हणून पुढच्या गाडीपासूनचं अंतर रोजच्या दुप्पट.

दुसरी गोष्ट सराव, आणि तो गिअरचा नको, ब्रेकचा हवा. लोक गाडी घेऊन मैदानात चारही गिअर टाकून बघतात आणि 'जमलं' म्हणतात. गिअर कुणालाही दहा मिनिटांत जमतो. थांबण्याचा सराव कुणी करत नाही. आधी गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, आणि तोंडानं बोलत, 'डावा ब्रेक, डावा ब्रेक'. शेजारी हसतील, हसू द्या. मग मोकळ्या जागेत दुसऱ्या गिअरमध्ये वीस वेळा थांबायचं. शेवटची दहा वेळा दुसऱ्या कुणीतरी अचानक हात वर केल्यावर थांबायचं. ठरवून थांबण्यात पाय कधीच चुकत नाही, त्यामुळे त्या सरावाला मी किंमत देत नाही. आणि जागेवरून निघायच्या आधी, प्रत्येक वेळी, एकदा दोन्ही पाय पेडलांवर फिरवून घ्यायचे.

तिसरी गोष्ट सोपी आहे. एका दिवसात एकच गाडी.

आता एक प्रश्न मला गेल्या वर्षभरात चार वर्गमित्रांनी विचारला आहे, वेगवेगळ्या शब्दांत. 'वडिलांची बुलेट आहे, तिचा गिअर डावीकडे करून देतोस का?' होतो. बाजारात तसे सांधे मिळतात. उजवीकडच्या गिअरबॉक्सपासून आडवी दांडी काढून लिव्हर डावीकडे आणायची, आणि ब्रेकचं पेडल उजवीकडे आणून त्याचा जोर आडव्या शाफ्टनं परत डाव्या बाजूला, ड्रमपाशी न्यायचा. पण प्रत्येक सांधा म्हणजे थोडी ढिलाई. गिअर सैल वाटतो, ब्रेक स्पंजासारखा लागतो, आणि वर्षभरात पिना झिजल्या की परत माझ्याकडे. शिवाय दिशेचा घोळ राहतोच, बाजू बदलली तरी पहिला वर की खाली ते सांध्याच्या रचनेवर ठरतं. म्हणून ज्याला ती गाडी रोज दूध आणायला न्यायची आहे त्याला मी करून देतो. ज्याला दिवाळीत एकदा काढायची आहे त्याला सांगतो, राहू दे.

हे सांगताना एका घराबद्दल बोललं पाहिजे. आपल्यातला एक जण यंदा नाही. बाकावर माझ्या शेजारी बसायचा. त्याची १९८६ची बुलेट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, अर्ध्या तुकडीच्या लग्नात नवरदेव तिच्यावरून आले. तो गेल्यावर गाडी आठ महिने अंगणात ताडपत्रीखाली होती. मग त्याची मुलगी माझ्याकडे आली. ती रोज नवी, डाव्या गिअरची गाडी चालवते, चांगली चालवते. म्हणाली, 'काका, बाबांची गाडी चालू करून द्या. मेळाव्याला मी ती घेऊन येणार.' मी तिला आधी तेच सांगितलं जे आत्ता तुम्हाला सांगितलं, आणि पहिल्यांदाच स्वतः होऊन विचारलं, 'अगं, गिअर डावीकडे करून देऊ का? पैशाचं बघू नकोस.' तिनं गिअरच्या लिव्हरवरचं रबर दाखवलं. एका बाजूनं पार झिजून आतलं लोखंड दिसत होतं. म्हणाली, 'हे त्यांच्या पायानं झिजलंय. हे उजवीकडेच राहू दे. मी पाय बदलते.'

आता अशा वेळी मेकॅनिकनं काय बोलायचं? मी म्हटलं, ठीक आहे, पण माझ्या अटीवर. मुख्याध्यापकांनी मैदान वापरायची परवानगी दिली, त्यांचे आभार मानतो. तीन रविवार सकाळी सात ते नऊ. पहिल्या रविवारी गाडी सुरूसुद्धा केली नाही, नुसती ढकलत नेली. मी मागून धक्का देणार आणि तिनं डाव्या पायानं थांबवायची. दुसऱ्या रविवारी किक, त्यात ती माझ्यापेक्षा बरी निघाली, कारण ताकद लावत नाही, काट्याकडे बघते. मग दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या. मी टोपी वर करायची, तिनं थांबायचं. पहिल्या वीसपैकी सात वेळा उजवा पाय गेला. वहीत लिहून ठेवलंय. तिसऱ्या रविवारी वीसपैकी दोनदा. मग आम्ही चौथा रविवारही घेतला, मधले सहा दिवस तिनं नवी गाडी घरी ठेवून बसनं प्रवास केला, आणि त्या दिवशी पंचवीसपैकी एकदाही गेला नाही. तरी मी तिला सांगितलंय की हे मैदान आहे, इथे म्हैस येत नाही. घाटात वेग तीसच्या वर नको, उतरताना दुसरा गिअर आणि उजवा हात ब्रेकवर. ती 'हो काका' म्हणते. बाप 'हो' म्हणायचा आणि ऐकायचा नाही. ही ऐकते असं दिसतंय.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवतायत. उद्याचं सांगून खाली बसतो.

सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी जमायचं. अदलाबदलीची ती ओळ मी संयोजकांशी बोलून रद्द करून घेतली आहे. जो ज्या गाडीवर आला तो तिच्यावरच कासला जाणार आणि तिच्यावरच परत येणार. ज्यांना जुनी गाडी चालवून बघायचीच आहे त्यांच्यासाठी माझी स्वतःची बुलेट परवा दिवसभर मैदानात उभी असेल, चिंधीसकट, मी शेजारी टोपी घेऊन. पी.टी.च्या सरांनी पहिली फेरी मारायचं कबूल केलंय, त्यांना सरावाची गरज नाही, त्यांचे पाय अजून १९७९मध्येच आहेत.

रांग अशी. सगळ्यात पुढे मी. माझ्या मागे ती मुलगी. तिच्या मागे आपले डॉक्टर, त्यांची गाडी नवी आहे आणि ब्रेक चांगले आहेत, त्यांनी अंतर राखायचं. मग बाकीचे. घाटात कुणी कुणाला ओलांडायचं नाही. आणि वर पठारावर चहाला थांबलो की तुमच्यातल्या प्रत्येकाला वाटणार आहे की मित्राच्या बुलेटवर एकदा बसावं, एक छोटी चक्कर मारावी. तिच्याकडे किल्ली मागू नका. तुम्ही तिच्या बापाचे मित्र, तिला नाही म्हणायला जड जाईल. किल्ली माझ्या खिशात असेल, मला मागा.